मामाजींच्या फोटोची काच

टक्.

दुपारचं घर चिडीचूप होतं. लाईन गेलेली, पंखा थांबलेला, दारावरची वाळ्याची तट्टी खडखडीत वाळलेली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फरशीवर हाताची उशी करून झोपल्या होत्या. मी गहू निवडत होते आणि तो आवाज झाला. वाटलं, नलू गोटे खेळते आहे. पाच वर्षांची पोर, दुपारची झोप म्हणून तिला ठाऊक नाही. वळून पाहिलं तर ती माशांच्या टाकीसमोर मांडी घालून बसलेली, दोन्ही हात मांडीत.

टक्.

"आई," ती ओठातल्या ओठात म्हणाली, "फौजदार गोटे फेकून राह्यला."

खरंच फेकत होता. तो काळा मासा तळाची रेती तोंडात भरायचा, दोन वळणं घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. एखादा जाड खडा काचेवर आपटायचा. तळाशी त्यानं बशीएवढा गोल खड्डा केला होता आणि खड्ड्याच्या जवळ कोणी आलेलं त्याला खपत नव्हतं. कोणी म्हणजे कोण, टाकीत दुसरी एकटी भुरीच होती. ती मडक्याच्या तुकड्यामागे शेपूट दाबून उभी होती. तिच्या शेपटीचा एक कोपरा फाटलेला होता.

"सकाळी नव्हता फाटेल," नलू म्हणाली.

ही टाकी नलूच्या बाबांनी केलेली. लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली आणि काचा स्वतः लांबीचा लगदा भरून बसवल्या. हे सेवाग्रामला दवाखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला आहेत, पिपरीहून सायकलनं जातात येतात. पहिल्यांदा नागपूरला बर्डीवरून गोरामी आणल्या होत्या, सोनेरी, लाजऱ्या. मग माघात मी दवाखान्यात पडून होते तेव्हा घरी नलूचं मन रमावं म्हणून ह्यांनी मासोळ्या विकणाऱ्या कवडूला सांगितलं, आणि त्यानं बोर धरणाकडून तिलापियाची जोडी जिवंत आणून दिली. मी घरी आले तोवर गोरामी संपल्या होत्या. बर्डीचा दुकानदार ह्यांना म्हणाला म्हणे, हे सिक्लिड जातीचे मासे, टाकीचा कोपरा न् कोपरा माझा म्हणतात, दुसऱ्याला जगू देत नाहीत. नलूनं नर माशाचं नाव फौजदार ठेवलं. राखेच्या रंगाची मादी, ती भुरी.

मी माघात घरी आले ती एकटी आले. बाळ सातव्या महिन्यातच झालं होतं. दोन दिवस राहिलं. ह्यांनी आणि त्यांच्या काकांनी त्याला नेलं, कुठे ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर आत्याबाईंनी मोगऱ्याची फुलं माझ्या छातीवर बांधली, दूध आटावं म्हणून. नलूनं विचारलं, बाळ कुठी आहे. तर ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "लहान आहे ना खूप, दवाखान्यात ठेवलं. मोठं झालं की आणू." मग सगळ्यांनीच ते तसंच ठेवलं. मीही ठेवलं. एक दिवस नलूनं बाबांच्या डब्याच्या पिशवीत एक पेपरमिंटची गोळी टाकली, बाळासाठी. ती गोळी मला धुण्याच्या वेळी ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडली, कागद न उघडलेली. त्यानंतर नलूनं कधी विचारलं नाही. मला वाटत होतं, विसरली.

आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांसमोर घडलं ते असं. फौजदार कोळशासारखा काळा झाला, गळा पांढरा, पंखांची किनार लाल. भुरी त्याच्या खड्ड्यावर आली आणि तिनं ज्वारीच्या कण्यांसारखी पिवळट अंडी घातली. नलू टाळी वाजवणार, तेवढ्यात भुरी मागे वळली आणि एकेक अंडं तोंडानं उचललं. एकही ठेवलं नाही. खड्डा पुसल्यासारखा साफ.

"गिळले," आत्याबाई म्हणाल्या. त्या माळकरी. मासोळी घरात आली तेव्हापासूनच त्यांच्या कपाळाला आठी होती. "आपलेच लेकरं गिळले. घ्या, पाहा."

"खातात, आई," हे म्हणाले. "बहुतेक मासे खातात म्हणे."

"खात असतीन. आपल्या घरात नोको. आन् आता तर नोकोच नोको." 'आता' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणूनच मला कळलं. "कवडू येईन तेव्हा देऊन टाका दोन्ही. तळून खाईन तो, त्याचं पुन्न त्याले."

कवडू भाचीच्या लग्नाला तळेगावला गेला होता. परतला की त्याला निरोप द्यायचा, असं ठरलं. ह्यांनी मान हलवली. नलूनं एकदा टाकीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला जाऊन बसली. रात्री जेवली नाही.

आणि आता ह्या दुपारी मी गव्हाचं सूप बाजूला ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले, फाटलेली शेपूट पाहायला. तेव्हा मला ते दिसलं. भुरीच्या हनुवटीखाली फुगलं होतं. गालफुगीत फुगतं तसं. आणि ती तोंड पूर्ण मिटतच नव्हती, आतल्या आत काही घोळवत होती, म्हातारं माणूस सुपारी घोळवतं तसं. मी कणकेची गोळी टाकली. भुरीला कणीक म्हणजे जीव की प्राण. गोळी तिच्या नाकावरून खाली गेली, तिनं तोंड उघडलं नाही.

अंडी खाल्ली असती तर रात्रीतून पचली असती. पोट फुगलं असतं. गळा कशाला फुगेल?

"नलू," मी म्हणाले, "भुरीनं अंडी नाही खाल्ली. तोंडात ठेवली."

"काऊन?"

"फौजदारनं खाऊ नाही म्हणून. मोठी झाली की सोडेल."

बोलून गेले. मला कोणी सांगितलं होतं असं? कुठे वाचलं नव्हतं, कोणाकडून ऐकलं नव्हतं. एका फुगलेल्या गळ्यावरून मी लेकराला शब्द देऊन बसले होते. मोठी झाली की सोडेल. मोठं झालं की आणू. एकदा तिला सांगितलेलं खोटं होतं, आणि आता हे दुसरं. हेही खोटं निघालं तर ही पोर माझ्या कोणत्या बोलण्यावर विश्वास ठेवेल?

फौजदार पिसाळला तो तेवढ्यात. सरळ मडक्याच्या तुकड्यावर गेला, भुरीला बाहेर काढलं आणि काचेशी दाबलं. तिला चावायला तोंड उघडता येत नव्हतं. ती नुसती मार खात होती आणि जबडा आवळून धरत होती.

"आई, तिले मारून टाकन तो."

त्याला बादलीत काढावं तर आधी एकदा करून पाहिलं होतं. उडी मारून मोरीपर्यंत गेला होता. आणि आता भर वैशाखात बादली तरी कुठली मोकळी? नळ सकाळी एकदा येतो, घागरीपासून लोट्यापर्यंत सगळं भरून ठेवावं लागतं. टाकीतच मध्ये काही घालायला हवं होतं. पोळपाट पाहिला, गोल. ताट पाहिलं, उथळ. पुठ्ठा विरघळेल. मी घरभर डोळे फिरवले आणि ते भिंतीवर जाऊन थांबले.

मामाजींचा फोटो. माझे सासरे, महादेवराव. वर्ध्याच्या स्टुडिओतून मोठा करून आणलेला, गालांना हातानं गुलाबी रंग दिलेला, वर चंदनाचा हार. आणि पुढे काच.

फोटोखालीच आत्याबाई झोपल्या होत्या.

मी स्टूल ठेवलं. त्याचा एक पाय वाजतो, तिथे नलूनं न सांगता आपली चिंधीची बाहुली सरकवली. फोटो उतरवताना हाराचे मणी खुळखुळले. आत्याबाईंनी कूस बदलली. मी हात वर धरून तशीच उभी. त्यांच्या गळ्यातली माळ एकदा वर झाली, खाली झाली. मग श्वास पुन्हा लागला.

स्वयंपाकघरात नेऊन पाठीमागचे चिमुकले खिळे सांडशीनं वाकवले. पुठ्ठा निघाला, मामाजी निघाले, काच निघाली. मामाजींना परत चौकटीत बसवलं, खिळे दाबले, हार घातला, फोटो भिंतीवर. काच धुतली. कपाळाच्या जागी गंधाचा एक टिळा वर्षानुवर्षांचा घट्ट बसलेला होता, तो निघता निघाला नाही. टाकीच्या रुंदीला काच बोटभर कमी पडली, उंचीला चार बोटं वर आली. रेतीत खोल रोवली, दोन्ही कडांना मडक्याचे तुकडे दिले, वरून कपड्यांचे चिमटे लावले. फौजदार एकीकडे, भुरी दुसरीकडे. मध्ये पाण्यात मामाजींच्या गंधाचा लाल ठिपका.

फौजदार ठिपक्यावर धडकला. परत धडकला. नलू पहिल्यांदा हसली.

आत्याबाई उठल्या, तोंड धुतलं, सवयीनं फोटोकडे पाहून हात जोडले. मग थांबल्या. "फोटो आज किती साफ दिसून राह्यला व. पुसला का?"

"हो," मी म्हणाले.

"असंच पुसत जाजो." आणि तुळशीला पाणी घालायला गेल्या. नलूनं तोंडात फ्रॉकची कड कोंबली होती.

टाकीत काच उभी दिसत होती, पण टाकीकडे त्या पाहतच नव्हत्या. ह्यांना मी रात्री सांगितलं. हे डोकं खाजवून म्हणाले, "मला सांगायचं ना, कापून आणली असती एक."

"तोवर भुरी राहिली नसती."

"हं." मग टाकीशी वाकून, "खरंच तोंडात आहेत का गं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "आणि नलूला ते दुसरं कधी सांगायचं?"

"सांगू. थोडी मोठी होऊ दे."

मी सगळ्याचा विचार केला होता आणि एका गोष्टीचा केला नव्हता. रोज डोळ्यासमोर होती म्हणूनच. आत्याबाई रोज सकाळी आंघोळ करून देवाला गंध लावतात, आणि उरलेलं बोट मामाजींच्या कपाळाला.

सकाळी चहाचं आधण चढवलं होतं. देवघरातली घंटी वाजली आणि मला एकदम आठवलं. धावले. दारात पोचले तेव्हा त्यांचं ओलं बोट कपाळाला लागलेलं होतं. काच थंड लागते, गुळगुळीत लागते. बोटाला ते लागलं नाही. बोट तिथेच राहिलं. मग त्यांनी दुसऱ्या हातानं फोटोच्या गालावरून, गुलाबी रंगावरून, हळूच हात फिरवला, जसा माणसाच्या गालावरून फिरवतात. मागे घेतला तेव्हा कपाळावर कागदात गंध पसरत चाललं होतं, डाव्या भुवईपर्यंत.

"काच कुठी हाय, शोभा?"

मी टाकीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. पाण्यात लाल ठिपका होता आणि त्यावर फौजदार तोंड आपटत होता.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "माह्या माणसाले उघडं केलं तू," त्या म्हणाल्या. "मासोळीसाठी."

"आत्याबाई..."

"लेकराच्या जागी मासोळ्या आल्या घरात, मी बोलली नाई. तिनं आपलेच अंडे गिळले, तरी मी कवडू येईपर्यंत थांबली. आता हे." आणि त्या टाकीपाशी गेल्या, बाही वर केली, हात पाण्यात घातला. माळकरी बाई, मासोळीच्या पाण्यात. काचेची कड त्यांच्या मुठीत आली.

मी त्यांचं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या पायांना हात लावला होता, डोक्याला तेल लावलं होतं, मनगट कधी धरलं नव्हतं.

"तिच्या तोंडात लेकरं आहेत, आत्याबाई."

"कोनं सांगतलं तुले?"

"कोणी नाही."

"मंग?"

"तिचा गळा पाहा. खात नाही ती. कणकेला तोंड लावत नाही."

त्यांनी पाहिलं, की पाहिल्यासारखं केलं, मला कळलं नाही. पाण्यात आम्हा दोघींचे हात होते. नलू दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती.

"आन् नसले तर?" आत्याबाईंनी आवाज खाली घेतला. "या पोरीले तू सांगून बसली. नसले तर काय सांगशीन? एक सांगून ठेवलं तेच निस्तरलं नाई आपल्यानं."

मी मनगट सोडलं नाही. म्हणाले, "नसली तर मी माझ्या हातानं कवडूला देईन. टाकीही देईन."

त्यांनी मूठ सोडली. हात बाहेर काढून तीनदा धुतला. मग आपला धुतलेला पांढरा पंचा आणला, मामाजींच्या फोटोवर टाकला आणि दोन्ही टोकं हाराच्या खिळ्याला अडकवली. "धूळ बसन त्यायच्यावर," एवढंच बोलल्या. त्या दिवसापासून भिंतीवर पंचा होता, मागे कपाळ माखलेले मामाजी होते, आणि आत्याबाई पंच्याकडे हात जोडत होत्या.

आठवडा उलटला तशी भुरी वाळत चालली. पाठ चाकूच्या धारेसारखी झाली, डोकं मोठं दिसायला लागलं. कणीक, डाळीचा चुरा, काही म्हणता काही घेत नव्हती. मला वाटायचं, ही आजारी तर नसेल. गळ्याला गाठ आली असेल आणि मी तिला आई करून बसले असेन. दुपारी लाईन गेली की पाणी कोमट व्हायचं, भुरी वर येऊन हवा घ्यायची. मग मी तांब्यानं टाकीतलंच पाणी वर उचलून धार सोडायची, खळखळ, म्हणजे त्यात हवा मिसळेल. हात भरून यायचा. नलू शेजारी बसून भुरीशी बोलायची. एकदा ऐकलं, "घट्ट धरजो बाई. खोकू नोको."

आणि फौजदार. त्यानं काचेवर डोकं आपटणं सोडलं होतं. मला वाटलं, थकला. तो खोदत होता. खड्डा त्यानं आता काचेच्या पायाशी धरला होता. तोंडभर रेती काढायची, पलीकडे नेऊन थुंकायची. टक्. मी रोज रेती परत ढकलायची. दुसऱ्या दिवशी तो परत तिथेच.

कवडू परतल्याचं हे संध्याकाळी सांगत आले. उद्या येतो म्हणाला. आत्याबाई म्हणाल्या, "येऊ दे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन गेली. मी तांब्या घेऊन उठतच होते, आणि तो आवाज आला. टक् नव्हे. मोठा, ओला, घसरता आवाज.

काचेचा पाय उघडा पडला होता. काच एका बाजूला कलली, चिमटा सुटला, आणि मामाजींचा टिळा हळूहळू आडवा होत रेतीवर निजला. क्षणभर दोन्ही मासे स्तब्ध. मग फौजदारनं झेप घेतली.

तिच्यात पळायचं त्राणच नव्हतं. त्यानं पहिला धक्का पोटात दिला, दुसरा गळ्याखाली, नेमका तिथेच. भुरी उलटली. तिची पांढरी बाजू वर आली. तरीही जबडा मिटलेला.

"आई."

मी पिठाची चाळणी घेऊन हात घातला. तो चाळणीखालून सटकला, माझ्या बोटाला करकचून चावला आणि परत तिच्यावर. पाणी फरशीवर सांडत होतं. दुसऱ्यांदाही निसटला. तिसऱ्यांदा मी त्याला कोपऱ्यात काचेशी दाबला, चाळणीत घेतला, वरून पंजा झाकला. तो धडपडत होता, रेतीचे खडे थुंकत होता. आणि मी उभी, ठेवायचं कुठे. नलू रिकामं काही शोधत धावत होती. "हे भरेल आहे, आई. हे पण भरेल आहे."

पाणी ओतल्याचा आवाज झाला. मागे वळून पाहिलं. आत्याबाई मोरीत उभ्या होत्या, आणि त्यांचं तांब्याचं घंगाळ, सोवळ्याच्या आंघोळीचं, ज्याला आम्ही कोणी हात लावत नाही, त्यातलं अर्धं पाणी मोरीत वाहत होतं. घंगाळ माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "टाक यात. लवकर टाक, पाहून काय राह्यली?"

मी टाकला. त्यांनी वर परात उपडी घातली आणि परातीवर पाटा आणून ठेवला. आतून ठण ठण आवाज येत राहिला. "बस म्हना आता फौजदारी करत," त्या म्हणाल्या, आणि दम खात खाली बसल्या.

भुरी तळाशी आडवी पडली होती. कल्ले उघडत होते, मिटत होते. आम्ही तिघी टाकीसमोर बसलो. बाहेर उन्हात एक कावळा ओरडला आणि गप्प झाला. नलूचा श्वास काचेवर उमटायचा, जायचा. मी मनात म्हणत होते, हिच्यासमोर मरू नको. कुठेही मर, हिच्यासमोर नको.

भुरी सरळ झाली. आधी थोडी कलती, मग सरळ. मडक्याच्या तुकड्यामागे गेली नाही. टाकीच्या मध्ये आली, जिथे तिला इतके दिवस येऊ दिलं नव्हतं. डोकं जरा खाली केलं. आणि तोंड उघडलं.

धुरासारखं काही बाहेर आलं. मला वाटलं रेती. पण रेती खाली बसते, हे बसत नव्हतं. प्रत्येक कणाला दोन काळे ठिपके होते आणि शेपटीचं एक केसाएवढं थरथरणं. ढगच्या ढग. ते तिच्या डोळ्यांसमोर, गालांशी, एकमेकांना धडकत तरंगत राहिले, जणू बाहेर इतकी जागा असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"अगा माय," आत्याबाई म्हणाल्या. नीट दिसावं म्हणून त्या पुढे वाकल्या, हाताची सावली पाण्यावर पडली, आणि सगळा ढग एका झटक्यात भुरीच्या तोंडात परत गेला. एकही बाहेर नाही.

आत्याबाईंनी हात मागे घेतला. छातीशी धरून बसल्या. मग भुरीला म्हणाल्या, "मी नाई करत काही. सोड त्यायले. मी नाई करत."

भुरीनं परत सोडली.

फाटकाशी सायकलची घंटी वाजली. "देवकामावशी, हावो का घरी?" कवडूच. "मासोळ्या देऊन राह्यले म्हने तुम्ही."

आत्याबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या. "कोनं सांगतलं तुले?"

"भाऊनंच सांगतलं."

"भाऊले काय समजते. बाळंतीण हाय ते. बाळंतिणीले घरातून काढत असतेत का?"

"कोन बाळंतीण?"

"तू जाय आता. ऊन लागन. पानी पेतं का?"

तो पाणी पिऊन, काही न समजता, निघून गेला. आत्याबाईंनी टाकीत हात घातला, ह्या वेळी अगदी सावकाश, सावली न पाडता, आणि काच वर काढली. तुटली नव्हती. एका कोपऱ्याचा तेवढा टवका उडालेला. त्या पदरानं काच पुसू लागल्या, टिळ्याभोवतीनं, टिळा सोडून. पंचा ओढून काढला आणि माखलेल्या कपाळाच्या मामाजींकडे पाहत राहिल्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "उगीच आतापर्यंत वरून वरून लावत होती."

मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळे भरून आले. नलूला जवळ घेतलं. तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. मी ते मागे सारले. तिच्या कानाशी म्हणाले, "पाहिलं? सांगितलं होतं की नाही मी? मोठी झाली, मग सोडली."

नलूनं मान हलवली. ती अजून टाकीकडेच पाहत होती, ओठ हलत होते, मोजत असावी, आणि त्यांची मोजणी होत नव्हती. मग ती माझ्याकडे वळली. चेहरा असा मोकळा, असा निश्चिंत, की इतक्या दिवसांत मी तो पाहिला नव्हता. तिनं माझी हनुवटी दोन बोटांनी धरली, तिला काही महत्त्वाचं विचारायचं असलं की धरते तशी. आत्याबाईंचा काच पुसणारा हात थांबला.

"आई, तू खरंच सांगतलं होतं. मंग आपलं बाळ पण झालं असन ना मोठं? दवाखान्यातून कधी सोडतीन त्याले?"